त्यांला वाट कोन दावली?

दोस्तांनो, मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. सूतगिरणीत रिंगफ्रेम खात्यात काम करतो. पाळी सुटली की वाचतो, जमलं तर कविता लिहितो. बारावीच्या पुढं शिकता आलं नाही. तेव्हा माझं जिथं चुकलं असेल तिथं तोंडावर सांगा. पण जे खरं वाटेल ते वाचून गुंडाळून ठेवू नका, एवढंच म्हणणं.

हा लेख एका भांडणातून निघाला. अर्धापूरला आपल्या पोरांची रविवारी बैठक बसते. एकदा ती आमच्या ओट्यावर बसली. आदल्या रात्री सगळ्यांनी ‘बॅटल ऑफ अल्जिअर्स’ हा १९६६ चा सिनेमा पाहिला होता. अल्जेरियावर फ्रेंचांचं राज्य होतं. १९५७ साली अल्जिअर्स शहरात बंडखोरांनी बॉम्ब लावले, संप पुकारला. तेव्हा जनरल मासूच्या छत्रीधारी सैन्याच्या हातात पोलिसांचे सगळे अधिकार दिले. सैन्यानं कसबा नावाची गरिबांची जुनी वस्ती काटेरी तारेनं घेरली. घराघराची नोंद केली. माणसं उचलून त्यांचे हाल हाल केले, एकेकाकडून पुढचं नाव काढलं. वर्ष संपायच्या आत शहरातली संघटना मोडली. आणि तरीही १९६२ ला फ्रेंचांना अल्जेरिया सोडावा लागला. २००३ साली इराक हातात घेतल्यावर अमेरिकेच्या पेंटागॉननं आपल्या अधिकाऱ्यांना हाच सिनेमा दाखवला होता. म्हंजे बंडखोर आणि सरकार दोघंही एकाच फळ्यावर शिकतात.

तर आमची जुंपली. एक म्हणाला, “गनिमी कावा डोंगरात. शहरात चालत नसतो. शहर वेढलं की संपलं.” दुसरा म्हणाला, “मग फ्रेंच गेले कसे?” तिसऱ्यानं खडू घेतला अन् ओट्यावरच नकाशा काढला. इथं चौकी, इथं नाका, हे दळणवळण, इथून तुकडी घुसणार. सगळे सेनापती झाले. मीही झालो. खोटं कशाला बोलू?

बाजेवर माझा आजा पडला होता. पंच्याऐंशी पार केलेलं म्हातारं माणूस. तो खोकत उठून बसला आणि म्हणाला, “ते समदं बराबर हाय रे लेकरांनो. पन त्यांला वाट कोन दावली?”

कुणाकडंच उत्तर नव्हतं. खरं तर त्याचा प्रश्नच आम्हाला कळला नव्हता. तो अल्जिअर्सचं बोलतच नव्हता. तो १९४८ चं बोलत होता, आपल्या नांदेडचं. त्या रात्री मी त्याच्या उशाशी बसलो. नंतर तीन-चार महिने मिळेल ते पुस्तक वाचत गेलो. त्यातून जे हाती आलं ते मांडतो.

आधी एक जुनी गोष्ट. नांदेडच्या उत्तरेला नोव्हा नावाची गढी होती. तिथं हटकर नोवसाजी नाईकानं निजामाविरुद्ध बंड केलं. जानेवारी १८१९ मध्ये इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या निजामाच्या फौजेनं ती गढी वेढली. खंदक खणत तटापर्यंत पोचले, खिंडार पाडलं आणि महिना संपताना आत घुसले. आतली बहुतेक माणसं कापली गेली. सेनापतीच्या दृष्टीनं हिशेब सोपा होता. बंडखोर तटाच्या आत आणि फौज तटाच्या बाहेर. कुठं तोफ लावायची ते डोळ्यांना दिसत होतं.

१९४७-४८ ला असा तट राहिला नव्हता. बंडखोर गावात येऊन जेवायचा आणि रात्रीत निघून जायचा. त्याचा किल्ला म्हंजे कुणीतरी दिलेली भाकरी आणि कुणीतरी दाखवलेली वाट. आता मला सांगा, अशा किल्ल्याला तोफ कुठं लावायची? जगभर सेनापती भांडले ते ह्याच प्रश्नावर. आणि उत्तर म्हणून तोफ लागली ती भाकरी देणाऱ्याच्या दारावर.

नकाशा डोळ्यांपुढं आणा. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे मराठवाड्याचे पाच जिल्हे तेव्हा हैदराबाद संस्थानात. लातूर उस्मानाबाद जिल्ह्यातलं गाव होतं, जिल्हा झाला तो १९८२ ला. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी ह्याच लातूरचा वकील. नांदेडहून निघालं की वीस-एक किलोमीटरवर अर्धापूर. पुढं वारंगा फाटा, हदगाव, आणि मग पैनगंगा. नदी ओलांडली की उमरखेड, म्हंजे वऱ्हाड, म्हंजे १५ ऑगस्ट १९४७ नंतरचा स्वतंत्र भारत. अलीकडं निजाम, पलीकडं तिरंगा. आज आपण ज्या रस्त्यावर केळीचे ट्रक मोजतो तो रस्ता तेव्हा लढाईचा रस्ता होता.

स्टेट काँग्रेसचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ. ऑगस्ट १९४७ मध्ये लढा पुकारला आणि ते लगेच तुरुंगात गेले. बाहेर राहिलेल्यांपुढं प्रश्न होता, सत्याग्रह की शस्त्र? शहरं निजामाच्या मुठीत. नांदेड, लातूर, औरंगाबादेत पोलीस आणि रझाकार. तिथं उघड उभं राहिलं की तुरुंग नाहीतर गोळी. म्हणून शहर सोडून सरहद्दीवर कॅम्प टाकले. आपल्याकडचा उमरखेडला. तिथून रात्री नदी उतरायची, करोडगिरीचे नाके जाळायचे, ठाण्यांवर हल्ले करायचे, शिंदीची झाडं तोडायची. शिंदी कशाला, तर ताडी-शिंदीवर निजामाचं अबकारी उत्पन्न. जानेवारी १९४८ मध्ये उमरीची बँक लुटली. रेल्वेच्या कडेचं गाव, लाखो रुपये नेले. शहर घेता येत नसेल तर शहराचं पोट मारायचं, ही ती युद्धनीती. डोकेबाज होती, ह्यात शंका नाही.

निजामाच्या बाजूचीही एक नीती होती. मोठी गावं आणि शहरं धरून ठेवायची. रस्त्यावर नाके बसवायचे. आणि ज्या गावात बंडखोर जेवला त्या गावाला अद्दल घडवायची. सरकारी पोलीस कमी पडतात म्हणून रझाकारांना मोकळं सोडलं. त्यांनी गावं जाळली, लुटली, माणसं मारली, बायांची अब्रू घेतली. हे झालंच नाही असं म्हणणारा खोटारडा. पण सैनिकी हिशेबातही ही नीती फसली. एक गाव जाळलं की त्या गावातले दहा जवान उमरखेडला जायचे. दडपणारा स्वतःच्या हातानं बंडखोरांची भरती करत होता.

इथवर सगळ्या पुस्तकात सापडतं. आता आज्याचा प्रश्न. त्यांला वाट कोन दावली?

उमरखेडहून आलेला माणूस कुणी वकील, कुणी मास्तर, कुणी देशमुखाचा पोरगा. आपल्यातलेही काही होते. पण अंधाऱ्या रात्री पैनगंगेचा उतार कुठं आहे, कोणत्या शिवारातून गेलं तर कुत्री भुंकत नाहीत, पाटलाच्या वाड्याला वळसा कसा घालायचा, हे कुणाला माहीत? येसकराला. म्हंजे आपल्याला. गावात कोण आलं, कोण गेलं ह्याची खबर ठेवणं, सरकारी माणसाला पुढच्या गावापर्यंत वाट दाखवणं, त्याचं ओझं वाहणं, ठाण्यात वर्दी देणं, ही महाराची वतनी कामं. रात्रंदिवसाची, पिढ्यान् पिढ्यांची, मूठभर बलुत्यावर. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं बिल आणलं ते उगाच नाही. त्यांनी ओळखलं होतं की वतन म्हंजे मान नाही, गुलामीचा पगार आहे. मी त्यात माझं एक जोडतो. वतन म्हंजे राज्याचं गुप्तहेर खातंही होतं. आणि ते खातं महारवाड्याच्या पाठीवर लादलेलं होतं. अल्जिअर्समध्ये फ्रेंचांना घरोघर नोंदी करून जे मिळवावं लागलं, ते इथं जातिव्यवस्थेनं आधीच करून ठेवलं होतं.

म्हणून कुठलंही बंड झालं की दोन्ही बाजूंचा पहिला पाय महारवाड्यात. तो गावाच्या बाहेर, वाटेच्या तोंडाशी. येणारा पहिल्यांदा आपल्याच दारावरून जाणार.

आज्यानं सांगितलं ते असं. त्याचं गाव पैनगंगेच्या अलीकडं. नाव लिहीत नाही, तिथं अजून आपली घरं आहेत आणि त्यांना तिथंच राहायचं आहे. १९४८ चा उन्हाळा. आजा आठ वर्षांचा. त्याचा बाप, म्हंजे माझा पणजा, येसकरकीच्या पाळीवर. मध्यरात्री चौघं आले. खांद्यावर बंदुका. “नदीचा उतार दाव.” पणजानं घोंगडी अंगावर घेतली आणि पुढं निघाला. पहाटे परतला. सकाळी पाटलाकडं वर्दी द्यायची होती. दिली नाही.

दोन दिवसांनी ठाण्यातून माणसं आली, सोबत रझाकार. चावडीपुढं पणजाला उघडा करून मारलं. “रात को कौन आया था?” तो बोलला नाही. मी आज्याला अभिमानानं विचारलं, “देशासाठी गप्प राहिला का?” आजा हसला. म्हणाला, “देस कुठला बाबा. सांगितलं असतं तर ते मारनार, न्हाई सांगितलं म्हनून ह्ये मारतेत. ह्यांचा मार तरी संपनार व्हता.”

मित्रांनो, युद्धनीतीच्या कुठल्या पुस्तकात हे वाक्य सापडेल?

आता आपल्या घरातलं बोलू. ते झाकून चालणार नाही. त्या काळात निजामाच्या राज्यात आपले पुढारी एका मताचे नव्हते. बी. एस. व्यंकटराव लायक अलींच्या मंत्रिमंडळात मंत्री होते. औरंगाबादेत जन्मलेले श्यामसुंदर निजामाच्या शिष्टमंडळातून १९४८ ला पॅरिसला, युनोपुढं गेले. दुसरीकडं शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन, भाऊसाहेब मोरे. भाऊसाहेबांनीच १९३८ च्या डिसेंबरात कन्नडजवळ मक्रणपूरला बाबासाहेबांची परिषद भरवली होती. निजामाकडं झुकलेल्यांना आज गद्दार म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण विचार करा. ज्या गावात पाटील पाण्याला शिवू देत नाही, तिथं तोच पाटील म्हणतो, ‘चल, स्वातंत्र्यासाठी लढू.’ कुणाचं स्वातंत्र्य? हा प्रश्न पडणं हा गुन्हा नव्हता.

बाबासाहेबांनी ह्याचं उत्तर नोव्हेंबर १९४७ मध्ये दिलं. ते तेव्हा देशाचे कायदेमंत्री होते. हैदराबादच्या दलितांना त्यांनी जाहीर पत्रक काढून बजावलं, की निजाम आणि इत्तेहादच्या बाजूला जाऊ नका, आणि सुटकेचा मार्ग म्हणून धर्म बदलून मुसलमान होऊ नका. हिंदू आपल्यावर जुलूम करतात हे खरं. पण त्या जुलमानं आपली नजर वाकडी होऊ द्यायची नाही, असं त्यांच्या म्हणण्याचं सार. मला ह्यात नुसती देशभक्ती दिसत नाही, हिशेबही दिसतो. निजाम जाणार हे उघड होतं. तो गेल्यावर गावात आपण आणि पाटीलच उरणार, हेही उघड होतं. नकाशा काढणाऱ्यांनी तो काढताना महारवाडा वगळला होता. बाबासाहेबांनी वगळला नाही.

तिकडं दिल्लीत वेगळाच वाद चालू होता. सरसेनापती जनरल बुचर, इंग्रज. त्याचं म्हणणं, काश्मिरात सैन्य गुंतलंय, पाकिस्तान उठेल, दक्षिणेत दंगे होतील, आत्ता नको. पंतप्रधान नेहरू वाटाघाटीला अजून वेळ द्यावा म्हणत होते. सरदार पटेल म्हणाले, आता थांबणं नाही. जनरल गोडार्डनं काढलेला आराखडा तयार होता. पश्चिमेकडून सोलापूर आणि पूर्वेकडून बेझवाडा, दोन्ही बाजूंनी हैदराबादवर चालून जायचं. १३ सप्टेंबर १९४८ ला मेजर जनरल चौधरींची फौज सोलापूरहून निघाली. पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतला. निजामाची शिस्तीची फौज साधारण बावीस हजारांची, पण रणगाड्यांपुढं टिकली नाही. रझाकारांची काय कथा? १७ तारखेला निजामानं हात टेकले. पाच दिवस.

ह्या मोहिमेला ‘पोलीस ॲक्शन’ म्हटलं. आमच्या बैठकीतला एकजण म्हणतो, नीती असावी तर अशी. मी म्हणतो, खरं आहे. निजामाचं सरंजामी राज्य जायलाच हवं होतं, आणि ते झटक्यात गेलं म्हणून कितीतरी गावं वाचली. पण लढाईचा आराखडा १७ तारखेला संपला, आणि १८ तारखेला गावात काय होणार ह्याची जबाबदारी कुणी घेतली?

त्यावर नेहरूंनीच कमिटी नेमली. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना मिस्री. १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात ते संस्थानभर फिरले. त्यांनी कमीत कमी धरून लिहिलं की पोलीस ॲक्शनच्या वेळी आणि नंतर २७,००० ते ४०,००० माणसं मारली गेली. बहुतेक मुसलमान. सगळ्यात वाईट चार जिल्हे कोणते? उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. ह्या चारांतच १८,००० च्या वर. काही ठिकाणी सैनिक आणि पोलीसच सामील होते, असंही त्यांनी लिहिलं. जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणारे हिंदू होते, हेही लिहिलं. तो अहवाल सरकारनं छापला नाही. २०१३ च्या सुमारास कुठं तो लोकांना वाचायला मिळू लागला. पासष्ट वर्षं.

आज्याच्या गावात एक पिंजारी होता. गावभर गाद्या भरायचा. त्याच्या घरात भिंतीला कापूस पिंजायची कमान टांगलेली असायची, आजा लहानपणी तिची तार छेडून पळायचा. तो पिंजारी रझाकार नव्हता. रझाकारानं त्याच्याकडून फुकट गादी भरून नेली होती, एवढाच त्याचा रझाकारीशी संबंध. पोलीस ॲक्शननंतर चौथ्या दिवशी तो, त्याची बायको आणि दोन पोरं गावच्या विहिरीत सापडली.

मग येसकराला हाक आली. विहीर बुजवायला. मेलं ढोर ओढणं, माती टाकणं हे आपलं काम ना. पणजा गेला, सोबत वाड्यातले चौघं. आजा म्हणतो, “त्या हिरीचं पानी आमाला कधी भरू दिलं न्हाई. माती टाकायला मातर बलावलं.”

हे सांगताना तो रडला नाही. मी उठून बाहेर गेलो.

आणि तेवढ्यावर भागलं नाही. आठ दिवसांनी गावातले पोरं काठ्या घेऊन महारवाड्यात आले. का, तर वाड्यातला एकजण करोडगिरीच्या नाक्यावर पहारेकरी होता. पोटासाठी लागला होता. म्हणून अख्खा वाडा रझाकारांचा हस्तक. तीन खोपट्या जाळल्या. त्यात एक पणजाची. ज्याच्या पाठीवर रझाकाराच्या वेताचे वळ अजून उठून दिसत होते, त्याची. त्यानं ज्यांना उतार दाखवला ते चौघं कुठं होते? ते नांदेडच्या मिरवणुकीत होते. पुढं स्वातंत्र्यसैनिकांना पेन्शनी आल्या. वाट चालणाऱ्याला पेन्शन आहे. वाट दाखवणाऱ्याचा अर्जच नाही.

कुणी म्हणेल, हे एका गावाचं झालं. मग शेजारी बघा. त्याच संस्थानात तेलंगणात कम्युनिस्टांचा सशस्त्र लढा चालू होता, १९४६ पासून. जमीनदारांच्या जमिनी वाटल्या, वेठबिगार मोडली. निजाम गेल्यावर पक्षात वाद पेटला. रावी नारायण रेड्डींसारखे म्हणाले, आता शस्त्र खाली ठेवा, लोकांना वाटतंय स्वातंत्र्य आलं. दुसरे म्हणाले, चीनच्या वाटेनं लढत राहू. १९५१ च्या सुरुवातीला पुढारी मॉस्कोला जाऊन स्टॅलिनलाही विचारून आले. ऑक्टोबर १९५१ ला लढा मागं घेतला. ह्या तीन वर्षांत फौजेनं काय केलं? गनिम गोदावरीच्या जंगलात गेला. त्याला कोया आदिवासी भाकरी देतात, म्हणून कोयांचे पाडे उठवून त्यांना छावण्यांत कोंबलं. जवळपास त्याच काळात, १९५० पासून, मलायात इंग्रज जनरल ब्रिग्जनं हेच मोठ्या प्रमाणावर केलं. सुमारे पाच लाख माणसं, बहुतेक गरीब चिनी, उठवून तारेच्या कुंपणातल्या ‘नव्या गावां’त नेली. लष्करी शाळांत ब्रिग्जची ही योजना यशस्वी म्हणून शिकवतात.

माओ म्हणाला होता, गनिम म्हंजे मासा आणि जनता म्हंजे पाणी. आपल्या पोरांना हे फार आवडतं. पण सेनापतीनंही ते ऐकलं ना. मासा सापडत नाही म्हणून तो पाणी उपसायला लागतो. कसबा, कोयांचा पाडा, मलायातली चिनी वस्ती, पैनगंगेकाठचा महारवाडा, हे सगळं ते उपसलेलं पाणी. माशाचं नाव इतिहासात राहतं. पाण्याला नाव नसतं.

हे मी का लिहितो? ‘गप्प बसा, लढू नका’ असं सांगायला? अजिबात नाही. १९५३ ला आपल्या लोकांनी ह्याच मराठवाड्यात गायरानासाठी सत्याग्रह केला, जेल भरले. लढले म्हणूनच आज कुणाच्या नावावर दोन एकर आहे. आणि आपण गप्प बसलो तरी आपल्याला सोडतात असंही नाही. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. तेव्हा आपण कुठं बंदूक उचलली होती? तरी वस्त्या वेढून जाळल्या. टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे, सुगावचे जनार्दन मेवाडे, दोघेही आपल्या नांदेड जिल्ह्यातले. बहिष्कार, पाणी तोडणं, दळण बंद, मजुरी बंद. वेढा घालायला फौजच लागते असं नाही. गावाला तो पाठ आहे. सोळा वर्षं लढून १४ जानेवारी १९९४ ला नामांतर मिळालं. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडचं विद्यापीठ वेगळं झालं, स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं. स्वामीजींचा मान त्यांच्या जागी आहे. पण टेंभुर्णी आणि सुगावच्या पोरांच्या पदवीवर, जिच्यासाठी रक्त सांडलं, ते नाव येत नाही. लढाई जिंकल्यावर नकाशा कुणाच्या हातात राहतो, हाही युद्धनीतीचाच प्रश्न आहे.

म्हणून माझं एवढंच म्हणणं. अल्जिअर्सवर वाद घाला, फलुजावर घाला, कुठल्याही वेढलेल्या शहरावर घाला. पण खडू हातात घेतला की पहिल्यांदा आपला वाडा काढा. मग तीन गोष्टी विचारा. खबर कुणाकडून काढणार? भाकर कोण देणार? आणि लढाई संपल्यावर दुसऱ्या दिवशी गावात कोण राहणार? ह्या तिन्हींचं उत्तर ज्याच्याकडं नाही, त्याची नीती कितीही लाल किंवा कितीही देशभक्त असो, आपण तिच्यात येसकरच. अन् त्या पिंजाऱ्याचा विचार करा. आपल्याला माती टाकायला बोलावतात तेव्हा विहिरीत कोण आहे हे बघायचं की नाही? पणजा ‘नाही’ म्हणू शकत नव्हता, वतन गळ्यात होतं. आपल्या गळ्यात आता वतन नाही. आजही कुणी झेंडे घेऊन आपल्या पोरांना कुठल्या मोहल्ल्यावर चालून जायला बोलावतं, तेव्हा हे आठवा.

आता कामाचं. येत्या १७ सप्टेंबरला मुक्तिदिनाचा झेंडा चढेल. त्याला जायचं की बहिष्कार टाकायचा ह्यावर आपल्या बैठकीत दोन तट पडलेत. माझं मत, जा. ते राज्य गेलं ते बरंच झालं, आणि त्यात आपल्या बापजाद्यांच्या पाठीचे वळ आहेत. पण झेंडा झाला की घरी येऊ नका. वही घ्या. अर्धापूर ते पैनगंगा, रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या प्रत्येक वस्तीत जा. तेव्हाची आठवण असणारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी उरलीत. पिंजारी-मोमिनांच्या घरांतही जा, ते बोलले तर. तारीख चुकली तरी चालेल, ती आपण पुस्तकात तपासू. त्यांच्या तोंडचे शब्द मात्र जसेच्या तसे उतरवा.

माझ्या वहीचं पहिलं पान भरलंय. आजा पुढचं सांगायचं म्हणतो, पण खोकला वाढलाय. ह्या आठवड्यात मला रात्रपाळी आहे. तुमच्यातला कुणी मोकळा असेल तर आमच्या ओट्यावर येऊन बसा.